उतरणं सोडून पुन्हा वर जाताना

ह्यूस्टन, 9 जून 2016

हलकं विमान पडल्याची बातमी आली की इंजिन बंद पडलं असेल, इंधन संपलं असेल किंवा ढगात वाट चुकली असेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात, 9 जून 2016 रोजी दुपारी एकच्या सुमारास जे विमान पडलं त्यात यातलं काहीच घडलं नव्हतं. दिवसाचा लख्ख उजेड होता, धावपट्टी दिसत होती, आणि मनोऱ्यातला नियंत्रक शेवटपर्यंत वैमानिकाशी बोलत होता.

विमान होतं सिरस एसआर20: चार आसनांचं, एका इंजिनाचं, खासगी वापरातलं. ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनहून ते निघालं होतं. विमान एक महिला चालवत होती आणि सोबत दोन प्रवासी होते. त्यांना ह्यूस्टनच्या विल्यम पी. हॉबी विमानतळावर उतरायचं होतं. उतरण्याचे तीन प्रयत्न झाले आणि तिन्ही सोडून द्यावे लागले. तिसऱ्या प्रयत्नानंतर वर चढताना विमान वळणात कलंडलं आणि विमानतळाजवळच्या एका हार्डवेअर दुकानाच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीवर कोसळलं. विमानातले तिघेही मृत्युमुखी पडले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

या प्रकरणात बेदरकारपणे वागलेलं कुणीच सापडत नाही. वैमानिक सूचना पाळत होती, नियंत्रक आपल्या परीनं मदत करत होते, आणि सगळे एकमेकांशी सभ्यपणे बोलत होते. तरीही तीन माणसं गेली. म्हणून या अपघाताकडे नीट, टप्प्याटप्प्यानं पाहायला हवं.

मोठ्या विमानतळावर लहान विमान

हॉबी हा ह्यूस्टनचा दुसऱ्या क्रमांकाचा विमानतळ. साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग 737 विमानांची तिथे दिवसभर ये-जा असते. अमेरिकेत अशा विमानतळावर खासगी लहान विमानांनाही उतरता येतं, आणि तसं ती नेहमी उतरतात. अडचण वेगातल्या तफावतीची. सिरस एसआर20 धावपट्टीकडे येताना साधारण 75 ते 80 नॉट वेगानं येतं, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आत. 737 येतं 130 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 240 किलोमीटर. स्लो लोकलच्या मागे त्याच रुळावर फास्ट लोकल आली तर ती सिग्नलला थांबवता येते. हवेतलं विमान थांबवता येत नाही. त्यामुळे पुढच्याला घाई करायला सांगणं, मागच्याला वळसा घालायला लावणं किंवा दोघांपैकी एकाला परत वर पाठवणं, एवढेच पर्याय नियंत्रकाकडे उरतात.

इथे आधी पहिला पर्याय वापरला गेला आणि मग तिसरा. सिरसला धावपट्टी 4 वर उतरायचं होतं. मागून 737 येत होतं आणि अंतर झपाट्यानं कमी होत होतं, म्हणून सिरसला वेग टिकवून यायला सांगितलं गेलं. तरी अंतर पुरेना. शेवटी नियंत्रकानं सिरसलाच उतरणं सोडून वर जायला सांगितलं. या क्षणापर्यंत वैमानिकाकडून काही चुकलेलं नव्हतं.

त्यानंतर बेत बदलत गेले. आधी पुन्हा धावपट्टी 4 चा विषय निघाला, मग धावपट्टी 35 ठरली. कुठल्या बाजूनं वळायचं, कुठलं 737 नजरेत ठेवायचं, त्याच्या मागून जायचं की पुढून, यावर प्रश्नोत्तरं झाली. वैमानिकाचा गोंधळ तिच्या प्रश्नांतून जाणवत होता. धावपट्टीचा आकडा तिची होकायंत्रातली दिशा सांगतो: 4 म्हणजे सुमारे 40 अंश, 35 म्हणजे सुमारे 350 अंश, जवळपास उत्तर. त्या दुपारी वारा पूर्वेकडून, झोतांनी येत होता. धावपट्टी 4 वर तो तिरका पण समोरून मिळाला असता. धावपट्टी 35 वर तो जवळजवळ आडवा होता, उलट किंचित मागूनच. आडव्या झोताच्या वाऱ्यात लहान विमान धावपट्टीच्या रेषेत धरून ठेवायला एरवीही सगळं लक्ष द्यावं लागतं. इथे ते लक्ष रेडिओ आणि 737 यांच्यात वाटलं गेलं होतं.

उतरणं म्हणजे ऊर्जा संपवणं

वैमानिकाच्या दृष्टीनं उतरणं हा उंची आणि वेग या दोन शिलकी बेतानं खर्च करण्याचा खेळ असतो. साधारण तीन अंशांच्या उतारानं यायचं असेल तर धावपट्टीपासून एक सागरी मैलावर उंची सुमारे 300 फूट हवी. तिथे ती 600 फूट असेल तर उतार दुप्पट तीव्र होतो. नाक खाली करून उंची घालवायला गेलं की वेग वाढतो, आणि वेग कमी करायला गेलं की उंची उरते. दोन्ही एकदम घालवण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला असलेले फ्लॅप खाली सोडतात. त्यांनी हवेचा अडथळा वाढतो, उचल वाढते, आणि विमान अधिक कमी वेगातही हवेत टिकतं.

उतारही योग्य, वेगही योग्य, विमान धावपट्टीच्या रेषेत, फ्लॅप आणि इंजिन जागच्या जागी, अशा अवस्थेला वैमानिक ‘स्टेबल अ‍ॅप्रोच’ म्हणतात. हवा स्वच्छ असताना 500 फुटांवर येईपर्यंत ही अवस्था साधली पाहिजे आणि नाही साधली तर उतरणं सोडून वर जायचं, हा प्रवासी विमान कंपन्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. प्रत्यक्षात तो फार कमी पाळला जातो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, अस्थिर अवस्थेत खाली येणाऱ्या प्रवासी विमानांपैकी फक्त तीन टक्क्यांच्या आसपास विमानं परत वर जातात. बाकीची तशीच उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावतं.

ह्यूस्टनच्या वैमानिकानं निभावून नेण्याचा प्रयत्न केला नाही, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. धावपट्टी 35 कडे येताना विमान फार उंचावर राहिलं, म्हणून ती वर गेली. पुढच्या खेपेलाही तेच झालं आणि तेव्हाही ती वर गेली. निर्णय दोन्ही वेळा बरोबर होता. घात झाला तो निर्णय अमलात आणताना.

गो-अराउंड

उतरणं अर्ध्यावर सोडून पुन्हा चढण्याला जगभरचे वैमानिक गो-अराउंड म्हणतात. प्रवाशांना ते भीतीदायक वाटतं. आपल्याकडे त्याची बातमी होते तेव्हा ‘थोडक्यात बचावले’ असा मथळा असतो. खरं तर ही विमानविद्येतली सर्वांत शहाणी कृती आहे. पण लहान विमानात ती हातांनी करायला सोपी नाही.

त्या क्षणी विमानाची अवस्था अशी असते: वेग कमी, उंची कमी, फ्लॅप खाली, आणि विमानाचा तोल सावकाश उतरण्यासाठी लावलेला. अशात इंजिनाला एकदम पूर्ण ताकद दिली की नाक वर उसळतं आणि डावीकडे वळू पाहतं, कारण कॉकपिटमधून पाहिल्यास बहुतेक अमेरिकी विमानांचा पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. मग उजवा पाय रडरवर दाबायचा, नाक जोर लावून खाली धरायचं, पूर्ण खाली असलेले फ्लॅप अर्ध्यावर आणायचे आणि थांबायचं. विमान चढू लागलं, वेग ऐंशी नॉटच्या आसपास पोचला, अडथळे मागे पडले, की मगच उरलेले फ्लॅप वर घ्यायचे.

मधलं ते थांबणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि घाईत तेच सुटतं. फ्लॅप खाली असले की विमान अडखळत चढतं, म्हणून ते लवकर वर घ्यावेत असं हाताला वाटतं. पण फ्लॅप वर घेताच पंखांची उचल घटते. पंखाला हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग त्या क्षणी वाढतो, विमानाचा प्रत्यक्ष वेग मात्र तेवढाच असतो. एसआर20 मध्ये पूर्ण फ्लॅप असताना हा किमान वेग 56 नॉटच्या आसपास असतो आणि फ्लॅप पूर्ण वर असताना तो 65 च्या पुढे जातो. ह्यूस्टनच्या विमानातल्या नोंदींनुसार शेवटच्या चढाईत फ्लॅप वर घेतले गेले तेव्हा वेग साठ नॉटच्याही खाली होता.

स्टॉल आणि वळण

पंखाखालून-वरून हवा सुरळीत वाहते तोवर पंख विमानाला उचलून धरतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की वरच्या बाजूचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असतानाही स्टॉल होतो. मोटारगाडीचं इंजिन बंद पडण्यालाही आपण तोच शब्द वापरतो, त्यामुळे बातम्यांत कायम घोटाळा होतो. इथे इंजिनाचा संबंध नाही, पंखाचा आहे.

वळणात हे संकट आणखी जवळ येतं. विमान कलून वळतं तेव्हा पंखांना विमानाचं वजन पेलून शिवाय वळणाचा भारही घ्यावा लागतो. कल 30 अंश असेल तर स्टॉलचा वेग सात टक्क्यांनी वाढतो, 45 अंशांना 19 टक्क्यांनी, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. सरळ उडताना 65 नॉटवर स्टॉल होणारं विमान 45 अंशांच्या वळणात 77 नॉटवरच स्टॉल होतं. वळणात भाराखाली झालेल्या अशा स्टॉलमध्ये दोन्ही पंख एकाच वेळी सुटतील याची खात्री नसते. एक आधी सुटतो, विमान त्या बाजूला कोलमडतं आणि गरगरत खाली येतं. त्याला स्पिन म्हणतात. हजारो फूट उंचीवर स्पिनमधून बाहेर येता येतं. काही शे फुटांवर तेवढी जागाच नसते.

वेग कमी, फ्लॅप वर, विमान वळणात, आणि कानावर रेडिओच्या सूचना. या चार गोष्टी त्या दुपारी काही सेकंदांच्या अंतरात एकत्र आल्या. विमान कलंडताना मनोऱ्यातून ते सरळ करायला सांगितलं गेलं, पण तोवर वेळ निघून गेली होती.

पॅराशूट असूनही

सिरस विमानांची प्रसिद्धी एका खास सोयीमुळे आहे: अख्ख्या विमानाला तोलून धरणारं पॅराशूट. छतावरची मूठ ओढली की छोटं रॉकेट सुटतं आणि पॅराशूट बाहेर खेचलं जातं. 2002 साली टेक्सासमध्येच एका वैमानिकाचा जीव त्यानं पहिल्यांदा वाचवला आणि त्यानंतर अनेकांचा. एसआर20 च्या पुस्तिकेत स्पिनमधून सुटण्यासाठी सांगितलेला मार्गही हाच आहे. मात्र पॅराशूट पूर्ण उघडायला उंची लागते. सरळ उडताना सुमारे 400 फूट, आणि स्पिनमधून सुमारे 920 फूट. विमानतळाभोवतीच्या फेरीची नेहमीची उंचीच सुमारे हजार फूट असते, आणि गो-अराउंड करणारं विमान त्याच्या बरंच खाली असतं. धावपट्टीजवळच्या स्टॉलवर कुठल्याही विमानात यांत्रिक उतारा नाही. तो होऊ न देणं एवढंच हातात असतं.

मनोऱ्याची बाजू

नियंत्रकांवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण ते न्याय्य होणार नाही. वर्दळीच्या विमानतळावर एक लहान विमान, भोवती 737, दिशा बदलणारं नियोजन, आणि त्यात मधेच नियंत्रकांची पाळी बदलली. पहिल्या नियंत्रकानं काम सोडलं आणि दुसऱ्यानं हाती घेतलं.

तरी एक सोपा मार्ग उपलब्ध होता. पहिला गो-अराउंड झाल्यावर सिरसला मनोऱ्याच्या फेरीत अडकवून न ठेवता ह्यूस्टनच्या रडार नियंत्रण कक्षाकडे परत सोपवता आलं असतं. तिथून त्याला गर्दीबाहेर काढून, पुरेसं अंतर ठेवून, पुन्हा रांगेत आणलं गेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली असती आणि वैमानिकाला श्वास घ्यायला उसंत मिळाली असती. त्याऐवजी तिला तिथल्या तिथेच फिरवलं गेलं. मदत लवकर करण्याच्या धडपडीत कामाचा ताण तिच्याच अंगावर पडला.

शेवटचा भाग अधिक जिव्हारी लागतो. तिसऱ्या गो-अराउंडच्या वेळी, म्हणजे विमान सर्वांत नाजूक अवस्थेत असताना, दुसऱ्या नियंत्रकानं गरजेपेक्षा गुंतागुंतीची सूचना दिली. गो-अराउंड करणाऱ्याला पहिली काही सेकंदं एकच गोष्ट ऐकू यायला हवी: सरळ चढत जा. बाकीचं नंतर सांगता येतं.

‘अनेबल’

वैमानिकांच्या रेडिओच्या भाषेत ‘अनेबल’ असा शब्द आहे. मला हे जमणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकी नियमांनुसार विमानाच्या संचालनाचा अंतिम अधिकार आणि जबाबदारी वैमानिकाचीच असते. नियंत्रकाची सूचना सुरक्षितपणे पाळता येत नसेल तर तसं सांगण्याची त्याला पूर्ण मुभा आहे. भारतातही मुख्य वैमानिकाच्या अधिकाराचं तत्त्व हेच आहे.

पण कागदावरचा अधिकार आणि तोंडातून निघणारा शब्द यांत अंतर असतं. रेडिओवर बाकीची विमानं ऐकत असतात. मनोऱ्यातला माणूस घाईत असतो, व्यावसायिक वैमानिक मागे रांगेत असतात. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत, ही भावना प्रबळ असते. नम्र, समजूतदार माणसाला ती जास्तच छळते. ‘मला रडार कक्षाकडे द्या’, ‘मला धावपट्टी 4 च हवी’, ‘थांबा, आत्ता बोलू शकत नाही’ यांपैकी एखादं वाक्य चित्र बदलू शकलं असतं. ते उच्चारण्याचं बळ वैमानिकाला शिकवावं लागतं. नुसत्या तासांच्या हिशोबात ते आपोआप येत नाही. या वैमानिकाच्या खात्यावर उड्डाणाचे तीनशेहून अधिक तास होते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांपेक्षा ते बरेच जास्त आहेत.

चौकशीत काय निघालं

अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी करतं. या प्रकरणात तपासाला साधनं भरपूर होती: विमानातल्या उपकरणांनी साठवलेली वेग-उंची-फ्लॅपची नोंद, रडारची नोंद, आणि रेडिओवरचं शब्दन्‌शब्द ध्वनिमुद्रण.

मंडळानं मुख्य कारण असं नोंदवलं: वैमानिकानं गो-अराउंडची पद्धत नीट पाळली नाही, सुरक्षित वेग गाठण्याआधी फ्लॅप वर घेतले, त्यातून वळणात स्टॉल आणि स्पिन झाला. हातभार लावणाऱ्या गोष्टी म्हणून आणखी तीन नोंदी केल्या. पहिल्या नियंत्रकानं विमानाला फेरीतच ठेवण्याचा घेतलेला निर्णय, दुसऱ्या नियंत्रकाची कळीच्या क्षणी दिलेली गुंतागुंतीची सूचना, आणि ठामपणे बोलण्यात वैमानिक कमी पडणं.

मला हा क्रम पटतो, पण वजन पटायला वेळ लागला. मुख्य कारण वाचलं की सगळा दोष एका हालचालीवर येऊन थांबतो. पुढच्या तीन नोंदी वाचल्या की ती हालचाल कुठल्या परिस्थितीत झाली ते उलगडतं. दोन्ही मिळूनच सत्य होतं. म्हणून बातमीत येणारं एका ओळीचं कारण वाचून अपघाताबद्दल मत बनवू नये. अशी चौकशी कुणाला शिक्षा देण्यासाठी नसते. अमेरिकी कायद्यानुसार मंडळाचा कारणाबद्दलचा निष्कर्ष नुकसानभरपाईच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. भारतात 2012 पासून हे काम विमान अपघात तपास विभाग करतो, आणि आंतरराष्ट्रीय करारातलं तत्त्व त्यालाही लागू आहे: पुढचा अपघात टळावा, एवढाच हेतू.

बारामती, गोंदिया, शिरपूर

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे, नागपूर अशा ठिकाणी तरुण मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. त्यांचा मोठा वेळ विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांत जातो: उतरायचं, चाकं टेकताच पुन्हा उडायचं, परत यायचं. शांत धावपट्टीवर, ओळखीच्या आवाजात, एकाच विमानाच्या संगतीत शिकलेली ही मुलं पुढे कधी तरी मुंबई, पुणे, हैदराबादच्या गर्दीत जातात. ह्यूस्टनच्या अपघातातलं सगळं त्यांच्याही वाट्याला येऊ शकतं: मागून येणारं जेट, ऐन वेळी बदललेली धावपट्टी, भराभर बोलणारा आवाज.

त्यांच्या शिक्षकांना या प्रकरणातून दोन सराव सहज करून घेता येतील. पहिला हवेतला. तीन हजार फुटांवर पूर्ण फ्लॅप, उतरण्याचा वेग, तिथून गो-अराउंड, आणि वेग पुरेसा होईपर्यंत फ्लॅपच्या दांड्याला हात न लावता केलेली सरळ चढाई. हे इतक्या वेळा करायचं की पाय आणि हात विचारावाचून चालावेत. दुसरा जमिनीवरचा, कोऱ्या कागदावर धावपट्ट्या आखून. शिक्षकानं मनोरा व्हायचं, एकामागून एक सूचना द्यायच्या, बेत बदलायचे. आणि शिष्यानं त्यातली एखादी सूचना स्पष्ट शब्दांत नाकारायची, मोठ्या आवाजात, वर्गासमोर. अमेरिकेत खासगी वैमानिकांच्या संघटनेनं ह्यूस्टनच्या मूळ ध्वनिमुद्रणावर आधारित एक शैक्षणिक चित्रफीत केली आहे. ती इंटरनेटवर मोफत पाहता येते, आणि पहिल्या सोलो उड्डाणाआधी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला ती दाखवता येईल.